प्राचीन रोमन शेतकरी देवाजवळ काय मागत व कसें मागत

इसवी सनापूर्वी सुमारें १६० या वर्षीं रोममधील मार्कस पोर्शियस केटो नांवाच्या एका वृद्ध, कडक व काटकसरी मुत्सद्द्यानें शेतीवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. लॅटिन भाषेंतील जीं गद्य पुस्तकें आज संपूर्ण मिळतात, त्यांत हें सर्वांत जुनें होय. २४० युगेर, म्हणजे आपल्या हिशेबानें सुमारें दीडशें एकर, जैतुनाची बाग असल्यास तींत माणसें किती ठेवावीं, तेलाचा घाणा कसा बसवावा, डुकराचें मांस मिठांत कसें मुरवावें, लोखंडी अवजारें कोणत्या गांवीं चांगलीं मिळतात, कोबी खाल्ल्यानें कोणकोणते रोग जातात, अशा गोष्टी त्यांत एकामागून एक आल्या आहेत. मांडणींत टापटीप अशी फारशी नाहीं. आणि ह्याच गर्दींत, घाण्याच्या व खताच्या शेजारीं, देवाची प्रार्थना कशी करावी तेंहि शब्दशः लिहून ठेविलेलें आहे.

रोमच्या मोठमोठ्या देवळांविषयीं व तेथील उत्सवांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु एका शेतमालकानें स्वतःच्या शेतांत उभें राहून, स्वतःच्या तोंडानें, देवाला काय म्हणावें हें कळण्यास केटोसारखें दुसरें साधन नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत मुख्यतः त्याचाच आधार घेतला आहे.

प्रथम बैलांचें घेऊं. बैल निरोगी राहावेत म्हणून मार्स सिल्व्हेनस ह्या देवतेला नवस करावा असें केटो सांगतो. तो रानांत व दिवसाउजेडीं करावयाचा. नैवेद्य दर बैलामागें ठरलेला आहे: तीन पौंड खपली गहू, साडेचार पौंड चरबी, साडेचार पौंड निवळ मांस आणि तीन मापें द्राक्षाची दारू. त्यांचा पौंड सुमारें ३२७ ग्रॅमचा असे व तें माप अर्ध्या लिटराहून किंचित् मोठें. खपली हा शब्द मीं मुद्दाम घातला आहे. लॅटिनमध्यें ज्याला 'फार' म्हणत तें धान्य आपल्याकडे जो खपली गहू पिकतो त्याच जातीचें, आणि जुन्या रोमन विधींत ह्या धान्याला मोठा मान असे. पुढें केटो लिहितो कीं, हें खाद्य एकाच भांड्यांत घातलें तरी चालेल, दारूहि एकाच भांड्यांत चालेल. विधि गुलामानें केला तरी चालेल, स्वतंत्र माणसानें केला तरी चालेल. उरलेलें तेथेंच खाऊन संपवावें. आणि वाटल्यास हा नवस दरसाल करावा. बायकांनीं तेथें असूं नये व पाहूंहि नये असा एक नियम आहे. त्याचें कारण दिलेलें नाहीं. सरकारी परिपत्रकांत काय चालेल व काय चालणार नाहीं हें जसें कलमवार येतें, तशीच ही भाषा आहे.

दुसरा प्रसंग वसंतांतील नांगरटीचा. नासपतीचें झाड फुललें कीं बैलांच्या नांवानें जुपिटर देवाला जेवण घालावें, आणि मगच नांगर धरावा. पंचांग पाहावयास नको. झाडच मुहूर्त सांगतें. ह्या जेवणांत दारूचा प्याला देवापुढें ठेवावयाचा, तो केवढा असावा हें मात्र मालकाच्या मर्जीवर सोडलेलें आहे. त्या दिवशीं बैलांना सुटी, औत हांकणाऱ्यांना सुटी व विधि करणाऱ्यांना सुटी. तें आटोपल्यावर वरईच्या जातीचें धान्य, राळे, लसूण व मसूर पेरावी. सुटीच्या बाबतींत केटो उदार नव्हता हेंहि येथें सांगितलें पाहिजे. इतर सणांच्या दिवशीं बैल जुंपून सरपण, घेवड्याचा पाला व कोठारांत भरावयाचें धान्य आणण्यास त्याची हरकत नाहीं. आणि खेचर, घोडा व गाढव यांना घरच्या सणाखेरीज सुटीच नाहीं असें त्यानें स्वच्छ लिहून ठेविलें आहे.

परंतु ह्या सर्वांत महत्त्वाचा विधि म्हणजे शेताची प्रदक्षिणा. डुकराचें पिलूं, कोंकरूं व वासरूं हीं तीन जनावरें शेताच्या सीमेभोंवतीं फिरवावयाचीं. आधीं जेनस व जुपिटर यांना दारू अर्पण करावयाची, कारण कोणत्याहि कामाच्या आरंभीं जेनसचें नांव घेण्याची चाल होती. मग मालकानें मार्स देवाला बाप म्हणून हांक मारावयाची. मार्स म्हणजे युद्धाचा देव इतकेंच आपण शाळेंत शिकलेले असतों. येथें तो शिवाराची राखण करणारा आहे. मालक त्याला विनवितो कीं, मजवर, माझ्या घरावर व घरच्या माणसांवर कृपा असूं दे, त्याचसाठीं हीं जनावरें मीं शेताभोंवतीं फिरविलीं आहेत. दिसणारे रोग व न दिसणारे रोग, नापिकी, नासाडी, संकट व वाईट हवा हीं देवानें दूर ठेवावींत. धान्य, द्राक्षवेली व झाडेंझुडपें यांस चांगलें येऊं द्यावें. मेंढपाळ व मेंढरें सुखरूप राखावींत. मागणें एवढेंच आहे. शेजाऱ्यापेक्षां अधिक पिकूं दे, किंवा बाजारांत भाव चढूं दे, असें त्यांत कोठेंहि नाहीं.

ह्यापुढचें कलम वाचून मला प्रथम हसूं आलें, आणि नंतर तें फार वेळ मनांत राहिलें. बळी दिल्यानंतर शुभ चिन्ह मिळालें नाहीं तर काय करावें? केटो सांगतो: देवाला पुन्हां हांक मारून म्हणावें कीं, त्या तीन जनावरांत तुला कांहीं कमी वाटलें असेल, तर हीं तीन पुन्हां घे. आणि तिन्हींविषयीं नव्हे, एकदोहोंविषयींच शंका असेल, तर जें डुकराचें पिलूं कमी भरलें त्याबद्दल हें दुसरें डुकराचें पिलूं घे, असें म्हणावें. अर्ज एकदां नामंजूर झाला म्हणून शेतकरी घरीं जात नाहीं. उणीव काढून टाकून तोच अर्ज तो फिरून दाखल करतो.

महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत माझा जन्म गेला असल्यामुळें असेल, पण रोमन लोकांची प्रार्थना वाचतांना मला सारखें दप्तर आठवतें. अर्जांत नांव चुकलें, गट चुकला, मागणी मोघम राहिली कीं तो परत येतो. रोमन मनुष्याला हीच भीति देवापुढें वाटे. ज्या राईंतील झाडें तोडावयाचीं, तेथें कोणती देवता राहते हें ठाऊक नसेल तर काय करावें? तूं देव अस किंवा देवी अस, ही जागा जिची आहे ती, असें म्हणून डुकराचा बळी द्यावा, म्हणजे नांव न कळल्याचा दोष राहत नाहीं. पुढें त्याच राईंत जमीन खणावयाची असेल, तर कामाचें कारण सांगून दुसरा बळी द्यावयाचा. आणि मध्यें काम बंद पडलें, किंवा सण आला, तर पुन्हां नवा. तोडीचा परवाना वेगळा व खणतीचा वेगळा, हें आपल्या ओळखीचें आहे.

शेतीच्या प्रत्येक कामाला तर त्यांनीं स्वतंत्र देव नेमून दिला होता. धरणीमाता व धान्यदेवी सेरेस यांच्या विधींत पुरोहितानें बारा नांवें उच्चारावीं अशी रीत होती. फेबियस पिक्टरनें दिलेली ती यादी सर्व्हियस नांवाच्या टीकाकारानें जपून ठेविली आहे. पडीत रान प्रथम फोडणारा, दुसऱ्यानें नांगरणारा, तास पाडणारा, बीं टाकणारा, पेरल्यावर वरून नांगर फिरविणारा, ढेंकळें फोडणारा, कोळपणारा, निंदणी करणारा, कापणारा, वाहून आणणारा, सांठविणारा व सांठ्यांतून बाहेर काढणारा, असे ते बारा. मळणीचा देव ह्या यादींत नाहीं, हें ज्यांनीं खळ्यावर रात्री काढल्या आहेत त्यांच्या लक्षांत आल्यावांचून राहणार नाहीं.

मोठ्या सार्वजनिक प्रार्थनेंत तर अक्षराचीहि चूक होऊं नये अशी दक्षता घेत. प्रार्थना करणारा अधिकारी उपरणें डोक्यावरून ओढून घेई. पहिल्या शतकांतील ग्रंथकार प्लिनी लिहितो कीं, एक मनुष्य लेखी मजकूर पाहून आधीं शब्द सांगे, दुसरा तो बरोबर म्हटला जातो कीं नाहीं याची राखण करी, तिसरा लोकांना गप्प बसवी, आणि मध्यें दुसरा कोणताहि आवाज कानीं पडूं नये म्हणून बांसरीवाला सारखा वाजवीत राही. चूक झालीच तर तो विधि पहिल्यापासून पुन्हां.

ह्या कलमबाजीचा कळस इसवी सनापूर्वी २१७ या वर्षीं झाला. हॅनिबालनें ट्रेसिमीन सरोवराजवळ रोमन सैन्याचा धुव्वा उडविला, तेव्हां रोमन लोकांनीं जुपिटरला नवस केला कीं, राज्य पांच वर्षें सुरक्षित राहिलें तर एका वसंतऋतूंत जन्मणारीं सर्व डुकरें, मेंढरें, बकरीं व गुरें तुला अर्पण करूं. हा नवस लोकसभेपुढें ठेवून रीतसर मंजूर करून घेतला, आणि इतिहासकार लिव्ही यानें त्याचीं कलमें दिलीं आहेत. जनावर आधींच मेलें तर तें अर्पणांतून वगळलें असें समजावें, मालकास दोष नाहीं. कोणी नकळत तें जखमी केलें किंवा मारलें तर अपराध नाहीं. चोरीस गेलें तर राष्ट्रासहि दोष नाहीं व ज्याचें चोरीस गेलें त्यासहि नाहीं. अशुभ दिवशीं न कळतां बळी दिला तरी तो मान्य. लढाई संपली, नवस फेडण्यास वीसाहून अधिक वर्षें लागलीं. इसवी सनापूर्वी १९५ मध्यें तो फेडला, तों मुख्य पुरोहितानें विधि बरोबर झाला नाहीं असें सांगितलें, आणि पुढच्या वर्षीं, १ मार्च ते ३० एप्रिल ह्या काळांत जन्मलेलीं जनावरें ठरवून, सर्व पुन्हां केलें. खेड्यापाड्यांतील मेंढ्या-डुकरें दोनदां गेलीं. मालक काय म्हणाले तें लिव्हीनें लिहिलेलें नाहीं.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. ही प्रार्थना नव्हे, हा सौदा आहे. इतकें देतों, इतकें दे. ह्यांत भक्ति कोठें आहे? मला हा आक्षेप अर्धा पटतो व अर्धा पटत नाहीं. न पटण्याचें कारण असें कीं, शेताभोंवतीं फिरविलेलें वासरूं पीक हातीं येण्याच्या कितीतरी आधीं गेलेलें असतें. त्याची पावती कोणी देत नाहीं, आणि पुढें गारांनीं शेत झोडपलें तर तें परत मागण्याची सोय नाहीं. सौदा करणारा माणूस असल्या अटींवर सौदा करीत नसतो. शब्द मोजूनमापून बोलणें हा लबाडपणाच असतो असेंहि नाहीं. ज्याच्या हातीं आपलें वर्ष आहे त्याच्यापुढें जपून बोलण्याची ती एक रीत असूं शकते.

पण अर्धा आक्षेप राहतोच, आणि तो केटोच्याच पुस्तकामुळें राहतो. ज्या पुस्तकांत दर बैलामागें खपली मोजून दिली आहे, त्याच्याच आरंभीं मालकाला दिलेला उपदेश पाहा. मालकानें शेतावर येतांच घरच्या लार देवतेला नमस्कार करावा, त्याच दिवशीं शेत फिरून पाहावें, कारभाऱ्याचा हिशेब घ्यावा, आणि मग जें नको असेल तें विकून टाकावें: म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनीं अवजारें, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम. शेताच्या फेरींत घरच्या माणसांस आरोग्य मागितलें, त्या माणसांत हा गुलामहि होता. आणि विकावयाच्या यादींतहि तोच आहे. ह्या म्हाताऱ्या बैलांवर प्लुटार्क नांवाच्या ग्रीक चरित्रकारालाहि अडखळल्यासारखें झालें. केटोनंतर दोनअडीचशें वर्षांनीं त्याचें चरित्र लिहितांना तो म्हणतो कीं, माझ्या कामांत म्हातारा झालेला बैलहि मी विकणार नाहीं, मग माणूस तर दूरच. कारभाऱ्याच्या बायकोनें मालकाच्या हुकुमावांचून कोणताहि विधि करूं नये, कारण मालक सर्वांच्या वतीनें प्रार्थना करतो, असेंहि केटोनें बजाविलें आहे. तिनें चूल स्वच्छ ठेवावी व सणावारीं चुलीवर हार घालून लार देवतेची प्रार्थना करावी, एवढी मोकळीक तिला होती. गुलाम स्वतः देवाजवळ काय मागत असतील, तें ह्या पुस्तकांत नाहीं.

मालकाविरुद्ध नाहीं, पण चोराविरुद्ध सामान्य माणूस देवाकडे कशी दाद मागे हें मात्र आपणांस ठाऊक आहे. इंग्लंड रोमन अंमलाखालीं असतां तेथील यूली गांवच्या टेकडीवर मर्क्युरी देवाचें देऊळ होतें. तेथें शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेल्या फिर्यादी सांपडल्या आहेत. सेनेकस नांवाच्या माणसाचें ओढकामाचें जनावर चोरीस गेलें. त्यानें बाप व मुलगा अशा दोघांचीं नांवें घालून देवाकडे तक्रार केली, व जनावर परत करीपर्यंत त्यांना आरोग्य मिळूं नये अशी मागणी केली. जनावर गेलेल्या माणसाची ती भाषा आजहि कोणाला समजावून सांगावी लागणार नाहीं.

आतां तांबेऱ्याकडे वळूं. गव्हावरील तांबेरा ही त्यांचीहि मोठी धास्ती होती, व रोगाला त्यांनीं देवताच मानलें होतें. लॅटिनमध्यें ह्या रोगाचें नांव 'रोबिगो'; आपल्या शब्दाप्रमाणेंच तेंहि तांबड्या रंगावरून पडलेलें. दरसाल २५ एप्रिलला, पीक ओंबीवर येण्याच्या सुमारास, रोमपासून पांचव्या मैलावरील राईंत पुरोहित जाई व कुत्रा आणि मेंढरूं यांचा बळी देई. ओव्हिड कवीला ही मिरवणूक वाटेंत भेटली होती असें तो सांगतो. पुरोहिताच्या प्रार्थनेचा आशय असा कीं, देवते, कोंवळ्या पिकाला हात लावूं नकोस. खावयाचेंच तर तरवारी व भाले यांचें लोखंड खा, जगाला त्यांची गरज नाहीं. लोखंडाचा गंज व पिकाचा तांबेरा यांना लॅटिनमध्यें एकच शब्द असल्यामुळें ही विनंति साधली आहे. दोष ते दंवाला, उन्हाला व व्याधाच्या ताऱ्याला देत. तांबेरा ही बुरशी आहे, आणि तिच्या एका जातीला आपलें जीवनचक्र पुरें करण्यास गव्हाबरोबर दारुहळदीच्या वर्गांतील एका झुडपाचाहि आश्रय लागतो, हें अँटन डी बेरी या जर्मन शास्त्रज्ञानें १८६५ सालीं सिद्ध केलें. त्याआधीं इतकीं शतकें कुत्र्यांचे जीव गेले. तरी शेताला कोणत्या दिवसांत जपलें पाहिजे हें त्या लोकांनीं बरोबर हेरलें होतें.

शेवटीं हद्दीच्या दगडाविषयीं लिहिल्यावांचून मला हा लेख पुरा करवत नाहीं. रोमन लोक हद्दीच्या दगडालाच टर्मिनस नांवाचा देव मानीत. २३ फेब्रुवारीला त्याचा सण. दोन्ही शेतांचे मालक आपापल्या बाजूनें दगडाला हार घालीत. मालकीण घरच्या चुलींतला विस्तव फुटक्या खापरांतून आणी, म्हातारा लांकडें रची, मुलगा टोपलींतलें धान्य तीनदां विस्तवांत टाकी, लहान मुलगी मधाच्या पोळ्याचे तुकडे देई. बाकीचे पांढरीं वस्त्रें नेसून मुकाट्यानें उभे राहत. कोंकराचें रक्त दगडावर शिंपडून मग दोन्ही घरचे लोक एकत्र जेवीत. बांध कोरणाऱ्यासाठीं न्यूमा राजाच्या नांवावर एक जुना कायदा होता: नांगरतांना जो हद्दीचा दगड उपटील तो स्वतः व त्याचे बैल देवाच्या स्वाधीन झाले, म्हणजे त्यांना कायद्याचें संरक्षण उरलें नाहीं. जुपिटरचें मोठें देऊळ बांधावयाचें ठरलें तेव्हां इतर देवांनीं जागा सोडली, टर्मिनसनें सोडली नाहीं. म्हणून त्याच्यावरचें छप्पर उघडें ठेवावें लागलें, अशी त्यांची कथा आहे.

ह्या पूजेचा एक उपयोग कोणाच्या सहज ध्यानांत येणार नाहीं. सिक्युलस फ्लॅकस हा रोमन मोजणीदार दगड बसविण्याची जुनी रीत सांगतो. आधीं खड्डा खणावयाचा, त्यांत बळी देऊन धूप, धान्य, मध व दारू घालावयाची, तें सर्व जळलें कीं त्या गरम राखेवरच दगड उभा करावयाचा. पुढें वाद निघाला तर दगडाखालीं खणून पाहावें. राख, कोळसे व हाडें मिळालीं तर दगड मूळच्या जागीं आहे. रात्रींतून दगड हलविणारा माणूस खालची राख हलवीत नाहीं. एका हद्दीच्या वादांत दोन्ही शेजारी मरण पावले व त्यांच्या मुलांनीं तोच वाद पुढें चालविला, हें मीं स्वतः पाहिलेलें आहे. त्या दगडाखालीं मूठभर राख असती तर तें प्रकरण एका दुपारीं मिटलें असतें.

इसवी सन ३९२ मध्यें थिओडोसियस बादशहानें जुन्या देवांची पूजा घरांतसुद्धां करण्यास मनाई केली. लारपुढें विस्तव पेटविणें व हार घालणें हाहि गुन्हा ठरला. शहरांत हुकूम लवकर पोंचला, खेड्यांत उशिरा. लॅटिनमध्यें 'पागानुस' म्हणजे खेड्यांतला माणूस. जुन्या देवांच्या भक्तांना ख्रिस्ती लोक हेंच नांव देऊं लागले. पण पिकाची काळजी धर्माबरोबर बदलली नाहीं. रोमच्या ख्रिस्ती धर्मसंघांत २५ एप्रिलला प्रार्थना म्हणत मोठी मिरवणूक काढण्याची चाल पडली, आणि १९६९ सालीं पंचांगाची सुधारणा होईपर्यंत तो विधि नेमलेला होता. दिवस तोच, आरंभींची वाटहि तीच, मागणें शेतांतल्या पिकासाठींच. कुत्रा मात्र सुटला.